बोटीतला दिवा बदलताना : स्वस्त बल्ब महाग का पडतो?

कापडाच्या व्यापाऱ्याने बोटीतल्या दिव्यांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमचे दुकान नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला. इथून समुद्र लांब. आम्हाला नदी म्हणजे बाणगंगा एवढेच ठाऊक. पण आमची मुलगी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला दिली आहे आणि व्याह्यांची मासेमारीची बोट आहे. त्या बोटीतले पाच दिवे बदलताना जो तजरबा आला, तो आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी बोट रात्री जाळी सोडून थांबली होती. इंजिन बंद, आतले दिवे चालू. केबिनमध्ये दोन, स्वयंपाकाच्या जागी एक, इंजिनाच्या खोलीत एक, खलाशांच्या झोपायच्या जागी एक. पहाटे तांडेलाने सेल्फ मारला तर इंजिन हू की चू करेना. बॅटरी उतरलेली. शेवटी दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत आणले. बंदरावर येईपर्यंत लिलावाची वेळ टळली आणि मालाला निम्माही भाव आला नाही. व्याही फोनवर म्हणाले, "भाई, पाच बल्बांनी आमची एक फेरी खाल्ली."

हिशेब काय सांगतो

आम्ही दुकानदार माणसे. नुकसान झाले की आधी वही उघडतो. जुने बल्ब तारेचे, प्रत्येकी १० वॉटचे. पाच दिव्यांचे ५० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची. ५० ला १२ ने भागले की ४ अँपिअरच्या थोडे वर येतात. रात्रीचे दहा तास धरले तर ४२ अँपिअर-तास खर्च. बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेले असले तरी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, तिचे आयुष्य घटते. म्हणजे खर्चायला हातात ५०. त्यातले ४२ दिवेच खाणार. वर वायरलेस आणि मासळी शोधायचे यंत्र. बॅटरी जुनी असेल तर पहाटेपर्यंत दिवाळे निघणारच.

आता तेवढाच उजेड देणारा एलईडी साधारण २ वॉटचा येतो. पाच दिव्यांचे १० वॉट, म्हणजे अँपिअरला थोडा कमी. दहा तासांचा खर्च आठ-साडेआठ अँपिअर-तास. खर्च पाचपटीने उतरला. तारेचा बल्ब विजेची बहुतेक उष्णताच करतो, उजेड थोडा देतो. म्हणून हा फरक. पांढऱ्या एलईडीला रस्ता मिळाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्या शोधासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि हे दिवे घरोघरी पोचले. बोटीत मात्र घरातला २३० व्होल्टचा दिवा चालत नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

दोनदा फसलो, मग शिकलो

जावयाने बाजारातून '१२ व्होल्ट' लिहिलेले स्वस्त एलईडी आणून लावले. महिन्याच्या आत तीन गेले. दुसऱ्या खेपेस जरा महागातले आणले. ते टिकले, पण दिवे लावले की वायरलेसवर खरखर सुरू. तांडेल म्हणाला, हवामानाचा इशारा ऐकू येत नाही, दिवे विझवून ऐकावे लागते.

हा किस्सा आम्ही दुकानात सांगत होतो. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, हे वाचक जाणतातच. तिथून निवृत्त झालेले, विमानाच्या वायरिंगमध्ये उमर घालवलेले एक काका सुटाचे कापड पाहायला आले होते. ते हसून म्हणाले, "शेठ, बल्ब कितीला मिळतो ते विचारलंत, पण किती व्होल्टपर्यंत सहन करतो ते विचारलं नाहीत. विमानातसुद्धा २८ व्होल्टचा डीसी असतो, आणि तोसुद्धा एका जागी उभा राहत नाही."

मग त्यांनी समजावले ते असे. १२ व्होल्टची बॅटरी नुसती असताना १२.६ च्या आसपास असते. इंजिन चालू झाले, चार्जिंग सुरू झाले की ती १४ च्या वर जाते. २४ व्होल्टची व्यवस्था असलेल्या बोटीत हाच आकडा २८ च्या पुढे जातो. स्वस्त एलईडीत करंट आवरायला एक साधा रेझिस्टर असतो. व्होल्ट वाढले की करंट वाढतो, दिवा तापतो आणि जळतो. चांगल्या दिव्यात ड्रायव्हर नावाचे छोटे सर्किट असते, ते व्होल्ट वरखाली झाले तरी करंट एकसारखा ठेवते. अशा दिव्यावर '१० ते ३० व्होल्ट' असे लिहिलेले असते.

आणि ती खरखर? हलक्या ड्रायव्हरमध्ये गाळणी बसवलेली नसते. त्याचा विजेचा कचरा वायरलेसच्या लहरींत मिसळतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. समुद्रात मदत मागायची ती व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कारणासाठी एलईडी दिव्यांबद्दल सुरक्षेचा इशारा काढला होता. तपासणी सोपी आहे. सगळे दिवे बंद करून वायरलेस रिकाम्या चॅनेलवर लावावा, स्क्वेल्चचे बटण खरखर नुकतीच थांबेल तिथे ठेवावे, मग एकेक दिवा लावावा. ज्या दिव्याने खरखर परत सुरू होईल, तो दिवा बोटीत ठेवू नये, मग तो फुकट मिळाला असला तरी.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट, व्होल्टची मर्यादा लिहिलेली असावी आणि माल पक्क्या बिलावर घ्यावा. दुसरी, डीसीत धन-ऋण उलटे लागले तर बरेच एलईडी पेटत नाहीत. पेटला नाही म्हणून फेकण्याआधी तारा उलटून पाहाव्यात. तिसरी, खारी हवा होल्डर आणि तारा खाते. दिवा नवा आणि होल्डर हिरवा पडलेला असेल तर पैसे पाण्यात. उघड्यावर आयपी ६५ किंवा ६७ लिहिलेला बंद दिवा घ्यावा. चौथी, इंजिनाच्या खोलीत उष्णता जास्त, तिथे एलईडी लवकर थकतो. तो इंजिनापासून दूर बसवावा. पाचवी, करंट कमी झाला म्हणून फ्यूज काढून टाकू नये, उलट लहान करावा. सहावी, सुकाणूजवळ रात्री तांबडा मंद दिवा ठेवावा. पांढऱ्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना अंधार नीट दिसायला वीस-तीस मिनिटे लागतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट, इंजिनाच्या सेल्फची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी. गल्ला आणि घरखर्च एका खिशात ठेवू नये, तसेच हे.

बोटीच्या बाहेरच्या तांबड्या-हिरव्या दिव्यांना मात्र घरच्या घरी हात लावू नये. तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी घातला तर रंग बदलून दिसतो, आणि समोरून येणारी बोट त्या रंगावरूनच आपली दिशा ओळखते. तिथे त्याच कामासाठी बनवलेला पूर्ण दिवा घ्यावा.

रंगाची बाब आम्हाला लगेच पटली, कारण ती आमच्या धंद्याची आहे. दुकानात आम्ही प्रथम हलके पांढरे एलईडी लावले, तेव्हा मरून कापड तपकिरी दिसू लागले आणि गिऱ्हाईक कापड घेऊन दारात उन्हात जाऊ लागले. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. तो ९० च्या पुढे असेल तर रंग खरा दिसतो. बोटीवरसुद्धा मासळीचे कल्ले लाल आहेत की फिकट, तारेचा रंग तांबडा की तपकिरी, हे याच उजेडात पाहायचे असते.

एक गैरसमज

मिरकरवाड्यात काही जण म्हणाले, बोटीवर एलईडीला बंदीच आहे, उगाच दंड भरावा लागेल. हे दोन वेगळे विषय आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली ती मोठे दिवे लावून, मासळीला उजेडाकडे खेचून मासेमारी करण्यावर. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अशा मासेमारीचा दंड लाखांच्या घरात गेला. जनरेटरवर चालणारे ते झोत आणि केबिनमधला दोन वॉटचा दिवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या झोतांनी लहान-मोठी सगळी मासळी एकदम उचलली जाते आणि छोट्या मच्छीमाराची रोजी जाते. ती बंदी पाळण्यातच व्याह्यांसारख्यांचे भले आहे.

कारागिरांसाठी

आपल्या वस्तीत वायरिंग जाणणारी मुले पुष्कळ आहेत. डीसीचे काम शिकलेली मात्र थोडी. बोट असो, ट्रक असो की शेतावरचा सोलर पंप, बॅटरीचे काम सगळीकडे वाढले आहे. मीटर वापरून व्होल्ट मोजणारा, फ्यूज योग्य घालणारा, दिवा लावल्यावर वायरलेस तपासून देणारा कारागीर भेटला तर बोटमालक त्याला सोडणार नाही.

तिसऱ्या खेपेस जावयाने '१० ते ३० व्होल्ट' वाले पाच दिवे घेतले, स्वतः वायरलेस लावून तपासले आणि दुसरी बॅटरी बसवली. मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा बोट धक्क्याला होती. जावई म्हणाला, "अब्बा, आता पहाटे सेल्फ मारताना हात थरथरत नाही." तीन खेपांचा खर्च मांडला तर पहिल्या दोन खेपांचे पैसे वाया गेले. ते वाचले असते तर दुसरी बॅटरी अर्ध्या किमतीत पडली असती. तुम्ही पहिल्याच खेपेला व्होल्ट विचारा.