मलम संपले, खाज राहिली

डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातील पहिले पेटंट २०२० मध्ये संपले आणि मधुमेहाची ही गोळी स्वस्तात मिळू लागली. एरवी मूत्रपिंड गाळलेली जवळपास सगळी साखर रक्तात परत घेते. ही गोळी ती वाट अडवते. मधुमेह्याच्या लघवीतून मग दिवसाला साधारण ७० ग्रॅम, म्हणजे चहाचे चौदा-पंधरा चमचे साखर जाते. लघवीचा शेवटचा थेंब शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली किंवा योनीमुखाच्या घडीत राहिला, की कँडिडा बुरशीला आयते जेवण मिळते. जागा लाल होते, पांढरट थर धरतो, कातडीच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि लघवी लागली की त्या झोंबतात. क्लोट्रिमॅझोलचे मलम लावल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत बरे वाटते. ते थांबले की पहिले पाढे पंचावन्न. मलम कुचकामी होते, असा निष्कर्ष इथे हमखास निघतो. पण मलमाने बुरशी मारली होती. तिची खाणावळ मात्र चालूच होती. स्टेरॉइड मिसळलेले ‘जोरदार’ मलम मेडिकलमधून आणणे तर त्याहून वाईट, कारण खाज दबते आणि बुरशी फोफावते.

मग गोळीच बंद का करू नये? कारण ती केवळ साखरेची राहिलेली नाही. मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही तिचा फायदा होतो हे २०१९ मध्ये दिसले, पाठोपाठ मूत्रपिंडाच्या रुग्णांतही. म्हणून आधी लघवीनंतर जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करणे, बुरशीचे औषध पूर्ण मुदत घेणे आणि गरज पडल्यास नमुना तपासणे, कारण काही कँडिडा नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. एवढे करूनही त्रास उलटत राहिला, तर गोळी बदलायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ताप, सूज आणि असह्य वेदना असतील तर मात्र थेट रुग्णालय गाठावे. या गटातल्या गोळ्यांबाबत फोर्नियर गँगरीनचा, म्हणजे गुप्तांगाभोवतीचे मांस कुजवणाऱ्या दुर्मीळ पण जीवघेण्या संसर्गाचा, इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१८ मध्येच दिला आहे.

गोळी बदलूनही जखम तशीच राहिली तर बुरशीचा हेका सोडून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कधी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. प्रत्येक वेळी त्याच जागी, तसाच गोल काळपट डाग उठत असेल, तर औषधांचीच यादी पुन्हा चाळावी. असा डाग उठवणाऱ्या औषधांत बुरशीवर दिली जाणारी फ्लुकोनॅझोलही आहे.