लहान इंजिनातील कार्ब्युरेटरची देखभाल व दुरुस्ती

कार्ब्युरेटर (बोलीभाषेत 'कार्बोरेटर') हा पेट्रोल आणि हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाच्या सिलिंडरकडे पाठविणारा भाग होय. पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, लहान जनरेटर, पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारा पाण्याचा पंप आणि जुन्या दुचाकी यांत तो आढळतो. विहिरीवर वापरल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नसतो. तेथे डिझेल पंपाच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे पुढील विवेचन डिझेल इंजिनांस लागू होत नाही.

लहान इंजिनाचा कार्ब्युरेटर सहसा झिजून निकामी होत नाही. त्यात राहिलेले शिळे पेट्रोल, पाणी आणि धूळ यांमुळे तो बंद पडतो. त्याची देखभाल म्हणूनच मुख्यतः स्वच्छतेची आणि योग्य साठवणुकीची बाब आहे.

पार्श्वभूमी

कार्ल बेन्झ यांच्या पहिल्या मोटारीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात पेट्रोलची वाफ मिसळली जात असे. इ. स. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि त्याच सुमारास हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर तयार केला. आजचे कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चालतात.

महाराष्ट्रात १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या बजाज चेतक स्कूटर आणि कायनेटिक लूना या वाहनांमुळे कार्ब्युरेटर उघडून साफ करण्याचे काम गावोगावच्या मिस्त्रींच्या हाती आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणाने घेतली. शेतीच्या लहान यंत्रांत मात्र तो अद्याप टिकून आहे.

रचना व कार्य

टाकीतील पेट्रोल कॉक व गाळणीतून कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत येते. वाटीत तरंगणारा फ्लोट ठरावीक उंचीला पोहोचला की तो एका टोकदार सुईला वर ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते. पाण्याच्या टाकीतील तरंगता बॉल कॉक याच पद्धतीने काम करतो.

वाटीच्या वर हवेची नळी असून ती मध्यभागी निमुळती असते. या अरुंद भागातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. वाटीतील पेट्रोलवर बाहेरील हवेचा दाब कायम असल्याने पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर चढते आणि तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. जेट म्हणजे ठरावीक मापाचे बारीक छिद्र असलेला पितळी खिळा. त्याचे छिद्र बहुधा एक मिलिमीटरहून लहान असते. इंजिन वेगात चालताना मुख्य जेट पेट्रोल पुरवितो, तर सावकाश चालताना त्याहून बारीक अशा पायलट जेटमधून पुरवठा होतो.

नळीत दोन झडपा असतात. थ्रॉटलची झडप इंजिनाचा वेग ठरविते. चोकची झडप हवा अडविते व थंड इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलचे प्रमाण वाढविते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल याहून कमी असल्यास मिश्रणास विरळ आणि जास्त असल्यास दाट म्हणतात.

घाटनांदूरसारख्या कोरडवाहू भागातील वापर

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील गाव बालाघाटच्या डोंगररांगेच्या परिसरात, परळी वैजनाथ ते लातूर रोड या लोहमार्गावर वसलेले आहे. या भागातील शेती प्रामुख्याने मोसमी पावसावर अवलंबून असून सोयाबीन, कापूस व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. फवारणी पंपाची गरज जुलैपासून तुरीला शेंगा भरेपर्यंत असते. नंतर पुढील पावसाळ्यापर्यंत यंत्र गोठ्यात किंवा शेडमध्ये पडून राहते.

कार्ब्युरेटर बिघडतो तो याच काळात. एप्रिल-मे महिन्यांच्या कडक उन्हाळ्यात वाटीतील पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट पिवळसर थर राहतो. हा थर जेटचे छिद्र बुजवितो व सुई जागीच चिकटवितो. पंप प्रत्यक्ष नादुरुस्त होतो उन्हाळ्यात, पण ते लक्षात येते पावसाने उघडीप दिलेल्या फवारणीच्या दिवशी. शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव असताना दोन-चार दिवसांचा विलंबही पिकास महागात पडतो. त्यामुळे यंत्राची तपासणी पेरणीपूर्वीच करून ठेवणे हिताचे असते.

बिघाडाची कारणे

शिळे पेट्रोल हे बिघाडाचे पहिले कारण होय. दुसरे कारण पाणी. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि तेच आधी कार्ब्युरेटरमध्ये उतरतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ते पुरेसे मिसळलेले राहत नाही. असे इंधन आत गेल्यास पिस्टन कोरडा चालून जाम होण्याचा धोका असतो. जुन्या इंजिनांतील काही प्रकारच्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात.

तिसरे कारण धूळ. मळणीच्या हंगामातील भुसा व काळ्या मातीची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये अडकते. फिल्टर तुंबला की हवा कमी पडून मिश्रण दाट होते. फिल्टर काढून इंजिन चालविल्यास धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. म्हणून फिल्टरविना इंजिन चालवू नये.

निदान

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी दोष खरोखर त्यातच आहे का, हे पाहणे आवश्यक असते. प्रथम टाकीतील जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. त्यानंतर दोरी काही वेळा ओढून प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असल्यास पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. तो ओला असल्यास पेट्रोल येत आहे, परंतु ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. ठिणगीची परीक्षा प्लगच्या उघड्या छिद्रापासून व सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावी.

वाटीच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असल्यास थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढावे. तळाशी वेगळे थेंब किंवा थर दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. काहीच बाहेर न आल्यास कॉक, गाळणी, नळी किंवा सुई अडलेली असते.

काही लक्षणांवरून दोषाची जागा बरीच निश्चित करता येते :

– इंजिन केवळ चोक लावलेला असतानाच चालते : मिश्रण विरळ आहे. जेट बुजला आहे किंवा कार्ब्युरेटरच्या जोडावरील पॅकिंगमधून हवा आत येत आहे.

– इंजिनाचा वेग आपोआप वर-खाली होत राहतो : बहुधा पायलट जेट अंशतः बुजलेला असतो.

– इंजिन सावकाश चालते, पण वेग वाढविताच बंद पडते : मुख्य जेटमधून पुरेसे पेट्रोल येत नाही.

– धूर काळा येतो व प्लगवर काजळी धरते : मिश्रण दाट आहे. फिल्टर तुंबलेला, चोक अर्धवट बंद राहिलेला किंवा पातळी वाढलेली असू शकते.

– कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर गळते : सुईखाली कचरा अडकला आहे, सुईचे टोक झिजले आहे किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले आहे.

– इंजिन १०-१५ मिनिटे नीट चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा सुरू होते : झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. येथे कार्ब्युरेटर उघडण्याचे कारण नाही.

साफसफाईची पद्धत

फवारणी पंपावर कीटकनाशकाचे अंश असतात. म्हणून हातमोजे घालून यंत्र बाहेरून धुऊन व पूर्ण वाळवून घ्यावे. नंतर कॉक बंद करून प्लगची टोपी काढावी. तारा, स्प्रिंगा व नळ्या कोणत्या छिद्रात बसविल्या होत्या याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. सुटे भाग पांढऱ्या कापडावर काढलेल्या क्रमानेच मांडल्यास जोडताना चूक होत नाही.

वाटी काढल्यावर फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत द्रव हलल्याचा आवाज आल्यास तो बदलावा. सुईच्या टोकावर गोलाकार खाच दिसल्यास सुईही बदलावी. जेट पितळेचा व मऊ असल्याने त्याच्या खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरावा. लहान पाते घसरले की खाच बिघडते आणि जेट निघणे अवघड होते.

मिश्रण नियंत्रित करणारा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने शेवटपर्यंत आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. जोडताना तेवढेच फेरे बाहेर घ्यावे. शेवटी जोर लावल्यास त्याचे टोक व आतील बैठक दोन्ही खराब होतात.

जेट साफ करताना त्यात सुई, टाचणी किंवा पोलादी तार घालणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. छिद्र किंचित मोठे झाले तरी त्याचे माप कायमचे बदलते. त्यानंतर इंजिन जास्त पेट्रोल खाते व कोणत्याही जुळवणीने ते सुधारत नाही. जेट कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रावणात भिजवून हवेच्या झोताने फुंकावा. चिकट थर न निघाल्यास नायलॉनचा बारीक धागा वापरता येतो. जेट उजेडाकडे धरल्यावर छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. झोत देण्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावे व डोळ्यांवर चष्मा लावावा. फाटलेले किंवा कडक झालेले पॅकिंग पुन्हा वापरू नये.

जोडणी व जुळवणी

जोडणीनंतर कॉक उघडून काही मिनिटे गळती होते का ते पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. इंजिन काही मिनिटे चालून गरम झाल्याशिवाय स्क्रू फिरवू नये. एका वेळी एकच स्क्रू थोडासा फिरवून परिणाम पाहावा. दोन बदल एकदम केल्यास सुधारणा किंवा बिघाड कशामुळे झाला हे कळत नाही. जनरेटर व पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला वेग मर्यादित ठेवणारा गव्हर्नर असतो. त्याची स्प्रिंग मूळ छिद्रातच बसवावी. ती चुकल्यास इंजिन मर्यादेपलीकडे धावून कनेक्टिंग रॉड तुटू शकतो.

पडद्याचा कार्ब्युरेटर

गवत कापण्याच्या यंत्रात व साखळी करवतीत इंजिन कोणत्याही कोनात चालावे लागते, म्हणून तेथे फ्लोटऐवजी पातळ लवचीक पडदा असतो. जुना होऊन कडक झालेला पडदा साफ करून सुधारत नाही, तो बदलावा लागतो. त्याच्या बारीक मार्गांत जोराचा हवेचा झोत देऊ नये.

हंगामानंतरची साठवण

यंत्र महिनाभराहून अधिक काळ वापरायचे नसल्यास टाकी रिकामी करावी. इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीत उरलेले पेट्रोल निचऱ्याच्या स्क्रूतून काढावे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे इंजिन बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावे. तसे न केल्यास वाटीत रॉकेल राहून पुढच्या वेळी थंड इंजिन सुरू होत नाही.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. हे काम उघड्या, हवेशीर जागी, चूल, विडी व चालू विजेच्या उपकरणांपासून दूर करावे. नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नये, कारण थोडे पेट्रोल फुप्फुसात गेले तरी गंभीर इजा होते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू असतो, म्हणून बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालवून पाहू नये. काढलेले पेट्रोल जमिनीवर किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे.