स्वस्त परदेश आणि उतारवयाचा जमाखर्च

मुले व्यवसायानिमित्त परदेशी स्थायिक झाली, दुकानाचा भार पुतण्यांनी उचलला, तेव्हा उरलेले आयुष्य आपणही युरोपातील एखाद्या स्वस्त देशात का व्यतीत करू नये, असा विचार आपल्या समाजातील काही सुस्थित कुटुंबांत अलीकडे ऐकू येतो. त्यात पोर्तुगालचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. हवा सौम्य, लोक शांत, आणि पश्चिम युरोपातील इतर देशांच्या मानाने राहणी स्वस्त, अशी त्याची कीर्ती आहे. ती निराधार नव्हे. तथापि आम्ही धान्याचे व्यापारी केवळ भाव ऐकून माल उचलीत नाही. वाहतूक, हमाली, तोलाई, दलाली व तूट धरून तो गोदामात उतरेपर्यंत काय पडतो, हे आधी मांडतो. येथेही तसाच हिशेब मांडणे इष्ट होय.

प्रथम प्रवेशाचा विचार करू. गोव्यातील अनेक कुटुंबे पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन युरोपात गेली. परंतु तो हक्क १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांचा व त्यांच्या वंशजांचा आहे. आपणांस तो लागू नाही. आपणांस निवृत्तांच्या परवान्याचा मार्ग आहे. त्यासाठी घरभाडे, लाभांश, व्याज किंवा निवृत्तिवेतन असे श्रमाविना येणारे नियमित उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ साली एका व्यक्तीस दरमहा किमान ८७० युरो व पतीपत्नींस १३०५ युरो अशी ही मर्यादा होती. गादीवर बसून मिळविलेला नफा या सदरात मोडत नाही, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. प्रथमचा परवाना दोन वर्षांचा असतो, व त्या मुदतीत सलग सहा महिने अथवा एकंदर आठ महिन्यांहून अधिक काळ सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिल्यास तो धोक्यात येतो. म्हणजे पर्युषण व दिवाळी येथे, आणि उन्हाळा तेथे, अशी मनसोक्त ये-जा त्यात बसत नाही.

दुसरी बाब कराची. वर्षात १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की तेथील सरकार आपणांस करदाता मानते, व भारतातील भाडे आणि व्याजही तेथे दाखवावे लागते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. परंतु त्याचा अर्थ कर माफ असा नव्हे. २००९ साली नव्या रहिवाशांसाठी सुरू झालेली प्रसिद्ध करसवलत २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना बंद झाली. घर खरेदी करून परवाना मिळविण्याची वाटही २०२३ साली बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबून कोणी सौदा करू नये.

तिसरी बाब वारशाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. कोठीच्या रहिवाशांस हे समजावयास कठीण नाही. आजच्या सुलतान बाजारात १९३३ पर्यंत निजामाचा नव्हे, तर रेसिडेंटचा अंमल होता. त्या काळी पेढी कोणत्या बाजूस मांडावी हे ठरविताना जागेच्या भाड्याइतकाच तेथे कोणाचा कायदा चालतो, हाही प्रश्न असे. युरोपीय संघाच्या २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार, मनुष्याचे नित्य वास्तव्य जेथे असेल तेथील कायदा सामान्यतः त्याच्या वारशास लागतो. पोर्तुगालच्या कायद्यात पत्नी व संततीचा ठरावीक हिस्सा राखून ठेवलेला असतो. मृत्युपत्राने तो डावलता येत नाही. मात्र आपल्या राष्ट्राचा कायदा लागावा, असे मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवण्याची मुभा तोच नियम देतो. एवढे एक वाक्य न लिहिल्यामुळे दोन देशांत भावाभावांचे तंटे उभे राहू शकतात. सबब प्रस्थानापूर्वी जाणत्या वकिलाकडून मृत्युपत्र करवून घ्यावे.

आता धर्माचरणाचा विचार. बटाटा व पाव हे शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आले, यावरून तेथील स्वयंपाकाची कल्पना यावी. कोबीच्या जातीच्या पानांचे त्यांचे प्रसिद्ध सूप दिसावयास शाकाहारी. परंतु त्यात बटाटा, कांदा, लसूण आणि बहुधा मांसाचा तुकडाही असतो. काबुली चणा मात्र तेथे मुबलक मिळतो, व लिस्बन शहरात मार्तीम मोनीझ भागात भारतीय किराणाही मिळतो. घरच्या चुलीवर आहार सांभाळता येईल. सूर्यास्ताचे गणित मात्र निराळे आहे. लिस्बनला जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, तर डिसेंबरात सव्वापाचलाच. चौविहार पाळणाऱ्याने दिनक्रम त्यानुसार बदलावा.

याहून मोठी उणीव सत्संगाची. आपले साधू-साध्वी पायी विहार करतात. त्यामुळे तेथे चातुर्मास होणे नाही. १९८० साली आचार्य तुलसींनी स्थापिलेल्या समण श्रेणीस वाहनप्रवासाची मोकळीक आहे, व समणीजी परदेशी जातातही. पण ते दर्शन प्रासंगिक. अँटवर्प व लेस्टर येथे मंदिरे आहेत, तीही पोर्तुगालपासून दूर. ज्यांनी दिग्व्रत घेऊन दिशांची मर्यादा बांधली आहे, त्यांनी तर गुरूंना विचारल्यावाचून तिकीटही काढू नये. आणि दांपत्यापैकी एक मागे राहिल्यास परभाषेत, परक्या इमारतीत त्याचे कसे होईल, हा प्रश्न पतीपत्नींनी एकत्र बसून आधीच बोलून घ्यावा. त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पत्नीस द्यावे लागते, म्हणून तिचे मत प्रथम ऐकावे.

आमचा सल्ला असा. प्रथम प्रवासी म्हणून जावे; अल्पकालीन परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. तेही हिवाळ्यात राहावे, कारण नमुना नेहमी पोत्याच्या तळाचा पाहावा. तोपर्यंत येथील घर विकू नये. नव्वद दिवसांनंतर सामायिक, स्वाध्याय, आहार व मनःस्वास्थ्य ही चारही टिकली असतील, तर खुशाल पुढचे पाऊल टाकावे. त्यांपैकी एकही तुटीत आले, तर तो देश कितीही स्वस्त असो, आपणांस तो महागच पडला असे समजावे.