तेल नेमकं कुठून येतंय? टू-स्ट्रोक फटफटीचा एक पाठ



एरवी आपण इथे भाषेचे, गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे पाठ वाचतो. आजचा विषय जरा काळ्या हातांचा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल, किंवा दहावी झालेला मुलगा आजोबांची गाडी "मीच चालू करणार" म्हणून हट्टाला पेटला असेल, तर हे पूर्ण वाचा. त्याला पाना हातात देण्याआधी वाचा.

आमच्या काकांची राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी ३५०चा भारतात बनलेला अवतार. १९८३ पासून काही वर्षं ती आपल्याकडे तयार झाली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर. काकांनंतर ती कितीतरी वर्षं पडवीत गोणपाटाखाली उभी होती. मी ती चालू केली तेव्हा दोन तक्रारी होत्या. रात्री उभी केली की सकाळी फरशीवर तेलाचा डाग, आणि इंजिन गरम झालं की रेस आपोआप वाढायची.

तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे सगळ्या जोडांवर बाहेरून सिलिकॉन फासलं आणि रेस वाढते म्हणून कार्बचे स्क्रू पिळून ती खाली आणली. आठ दिवस गाडी छान चालली. नवव्या दिवशी खंबाटकी घाट चढताना डाव्या सिलिंडरचा पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मागे माझा भाचा बसला होता. वेग कमी होता, क्लच पटकन दाबला गेला, गाडी कडेला घेता आली. मागून ट्रक येत होता, एवढंच सांगतो.

म्हणून आधी हे समजून घ्या की टू-स्ट्रोकमध्ये तेल गळणं आणि कार्ब्युरेटर बिघडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

फोर-स्ट्रोक इंजिनात खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, तेल असतं. टू-स्ट्रोकमध्ये ती पेटी म्हणजे पंप असतो. पिस्टन वर गेला की पेटीत पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. सायकलचा पंप आठवा. आतला चामड्याचा वायसर वाळला की कितीही दांडा मारा, हवा भरत नाही. इथे वायसरचं काम क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी ऑइल सील करतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं आणि कडा तडकतात.

आता पुढचं नीट बघा. आरडीच्या क्रँकचं उजवं टोक क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये असतं. डावं टोक ऑल्टरनेटरच्या बाजूला, कोरडं असतं. उजवं सील गेलं तर पेटी गिअर ऑइल आत ओढते, ते जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. फरशीवर थेंबही पडत नाही, पण गिअरबॉक्स रिकामा होत जातो. डावं सील गेलं तर पेटी हवा ओढते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणून तिच्यासोबत पेट्रोलही नसतं. मिश्रण पातळ होतं, रेस चढते, पिस्टन तापतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, कार्ब बिघडलाय! स्क्रू पिळून रेस खाली आणली की रोग आत तसाच राहतो, फक्त त्याचं लक्षण दिसेनासं होतं. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

तर सुरुवात डागापासून. गाडीखाली जुना वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि तेल कोणतं आहे ते ओळखा. ह्या गाडीत दोन तेलं असतात. टू-टी तेल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जातं. ते पातळसर असतं आणि बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या रंगाचं मिळतं. गिअर ऑइल तपकिरी-काळं, बोटांना दाट लागणारं. सायलेन्सरच्या जोडातून जे काळं चिकट ओघळतं ते न जळलेलं टू-टी असतं, त्याला घाबरू नका. कागदावर पेट्रोलचा वास आला तर कार्बचा फ्लोट ओव्हरफ्लो होतोय का बघा.

रंग कळला तरी जागा कळत नाही, कारण तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून ओला भाग जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे तिथे शोधायचं. थंड इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर खडूची पूड कापडाच्या पुरचुंडीने मारा. आपल्याकडे खडूंना तोटा नाही! मग दहा मिनिटं गाडी चालवून आणा. गळती जिथे असेल तिथे पांढऱ्या पुडीत गडद रेघ उमटते. ही काही माझी युक्ती नाही. रेल्वेच्या कारखान्यांत एके काळी लोखंडी भागांमधले न दिसणारे तडे शोधायला आधी तेल चोपडायचे, पुसायचे आणि वर खडूसारखी पांढरी पूड लावायचे. तड्यात राहिलेलं तेल पुडीत झिरपून रेघ दाखवायचं. वर्गात करून बघायचं असेल तर तडा गेलेला चिनी मातीचा कप, खोबरेल तेल आणि खडू एवढं पुरतं. माझ्या चौथीच्या मुलांनी त्या दिवशी शाळेतले सगळे कप तपासले.

आमच्या गाडीवर पुडीने दोन जागा दाखवल्या. उजवीकडे तेलपंपाच्या नळीचा बोल्ट, त्याचा वायसर चेपला होता. डावीकडे गिअर टाकायच्या दांड्याचं सील. दोन्ही किरकोळ खर्चाची कामं. इथे मी थांबणार होतो, पण हिशोब जुळेना. गाडीखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पंधरा दिवसांत जेमतेम चमचाभर तेल जमलं होतं आणि गिअरबॉक्समधून काढून मोजपात्रात मोजलं तर जवळजवळ पाव लिटर कमी भरलं. उरलेलं गेलं कुठे? उजव्या सायलेन्सरचा धूर तेव्हा डोळ्यांत भरला. (एक सावधगिरी: टू-टीचं तेल उभ्या गाडीत पंपातून हळूहळू पेटीत उतरू शकतं, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी चालू केल्यावर सुरुवातीचा धूर हा पुरावा धरू नका. इंजिन गरम झाल्यावरही धूर राहतो का, ते बघा.)

आत गळतंय की नाही हे ठरवायला दाबाची चाचणी करतात. दोन्ही कार्ब आणि सायलेन्सर काढून तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद करायची आणि एका बुचातून नळी घेऊन आत थोडी हवा भरायची. आरडीत दोन पेट्यांमधलं सील पूर्ण हवाबंद नसतं, म्हणून दोन्ही बाजू बंद कराव्या लागतात. दाब साधारण ६ पीएसआय, त्याहून जास्त नको, नाहीतर चांगलं सीलही खराब होईल. मी घरातलं रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र वापरलं. त्याचा काटा ३०० मिमीपर्यंत जातो, ते ५.८ पीएसआय होतात. फुगा दाबत काटा वर न्यायचा आणि थांबायचं. काही मिनिटं तो जवळपास तिथेच राहायला हवा. आमचा काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर! ऑल्टरनेटर काढून डाव्या टोकाला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. उजवं सील क्लचच्या आड असतं, ते दिसत नाही. मग गिअरबॉक्सच्या श्वासनळीला रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. तिथेही बुडबुडे.

कार्ब आणि सिलिंडर जोडणारे रबरी जोडही ह्याच वेळी साबणाच्या पाण्याने तपासा. काही जण चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडून बघतात. ते करू नका आणि मुलांना तर अजिबात करू देऊ नका.

इंजिन उघडून सील बदलायचं काम मी केलं नाही. ते जाणत्या मिस्त्रीकडे दिलं. दोन्ही सिलिंडरना बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन घातले. जोडल्यावर दाबाची चाचणी पुन्हा केली. काटा राहिला, आणि मगच कार्बला हात लावला.

त्याआधीही पॉइंट, टायमिंग, प्लग आणि एअर फिल्टर ठीक करून घ्या. कार्ब साफ करून फ्लोटची उंची पुस्तकाप्रमाणे लावा. मग थ्रॉटलची केबल बघा. मुठीपासून निघालेली केबल पुढे फुटून दोन कार्बना आणि तिसरी तेलपंपाला जाते. मूठ फिरवली की दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एअर फिल्टरचे रबर काढून दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाची ड्रिल बिटं ठेवा आणि हळू मूठ फिरवा. दोन्ही बिटं एकदम पडली तर जुळलं. नाहीतर कार्बच्या डोक्यावरच्या ॲडजस्टरने जुळवा. केबलला हात लावलात की पंपाच्या चाकावरची खूण आणि पिन पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जुळतात का, हेही बघायचंच. इथे चुकलात तर कार्ब अचूक असूनही पिस्टनला तेल कमी मिळेल.

आता मिश्रणाचा स्क्रू. ह्या कार्बवर तो हवेचा असतो. आत पिळला की पेट्रोल जास्त, बाहेर काढला की मिश्रण पातळ. (काही कार्बवर हा स्क्रू इंजिनच्या बाजूला, पेट्रोलचा असतो, तिथे सगळं उलट.) हलकेच शेवटपर्यंत आत न्या, आवळू नका, आणि तिथून साधारण दीड फेरा बाहेर काढा. दोन्हीकडे सारखं. इंजिन गरम करून एका कार्बचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत जिथे रेस सर्वांत जास्त आणि एकसारखी लागते तिथे थांबा, मग दुसरा. नंतर स्लाइडच्या स्क्रूने रेस १२०० ते १४०० वर आणा. दोन्ही सायलेन्सरमागे, जरा लांब, तळहात धरा. दोन्हीकडे सारखा झटका लागायला हवा. एका वेळी एकच स्क्रू, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. मी विसरतो म्हणून लिहितो.

ह्या स्क्रूचा अधिकार मूठ थोडीशी उघडेपर्यंतच चालतो. मधल्या रेसला सुई आणि पूर्ण मुठीला मेन जेट. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. घाटातल्या अडचणीला आयडलिंगचा स्क्रू पिळणं म्हणजे पोट दुखतंय आणि औषध डोळ्यांत.

शंभर किलोमीटरनंतर मी प्लग काढून पाहिले. उजवा खारकेच्या रंगाचा होता, डावा किंचित फिकट. डाव्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली आहे आणि वहीत तारीख टाकली आहे. ट्रे अजून रोज रात्री गाडीखाली ठेवतो. भाचा दर रविवारी येऊन आधी ट्रे बघतो, मग हेल्मेट मागतो. खंबाटकीला अजून त्याला नेलं नाही. डावा प्लग पुन्हा बघितल्यावर ठरवू.