जुन्या रेस कारचं ऑइल प्रेशर: इंजिनची राखण मोबाइलला सांगू नका!

मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जाताना एखादी जपलेली जुनी फियाट ११०० दिसली की मान वळतेच. १०८९ सीसीचं साधं इंजिन. अशाच फियाट ट्यून करून एकेकाळी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर रेसमध्ये पळवल्या जायच्या. अशी गाडी पुन्हा ट्रॅकसाठी तयार करायची असेल, तर माझ्या मते पहिला खर्च ऑइल प्रेशर सांभाळण्यावर करावा. का, ते बघू.

प्रेशर पडतं कसं?

क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये ऑइलच्या अगदी पातळ थरावर फिरतो. पंप खालच्या चेंबरमधून ऑइल ओढून हा थर टिकवतो. लांब वळण जोरात घेतलं की वाटीतल्या आमटीसारखं ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो. म्हणजे अर्धा सेकंद प्रेशर गेलं तरी ५० फेऱ्या धोक्यात! डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर.

मग ॲप लावू का?

या गाडीत ईसीयू नाही, ओबीडी पोर्ट नाही. त्यामुळे बाजारातला डोंगल चालणार नाही. प्रेशर सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड आणि ब्लूटूथ जोडून रीडिंग फोनवर आणता येतं. कोणत्या वळणावर प्रेशर पडलं, हे नंतर ग्राफमध्ये बघायला ते मस्तच. पण फोन उन्हात तापतो, ब्लूटूथ तुटतं, ॲप बॅकग्राउंडला बंद होतं. म्हणून फोनकडे फक्त नोंद ठेवायचं काम द्या.

खरं संरक्षण, या क्रमाने

१. दर वेळी डिपस्टिकवर लेव्हल बघा. ऑइल कमी असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

२. चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून घ्या. ऑइल पंपाच्या नळीजवळ राहतं.

३. ऑइल ॲक्युम्युलेटर लावा. हवेच्या दाबाखाली ऑइल साठवणारा हा सिलिंडर प्रेशर पडताच ते इंजिनात सोडतो. वेळ मिळतो तो काही सेकंदांचाच.

४. प्रेशर स्विच आणि रिलेने इग्निशन कट करा. स्टार्ट करताना प्रेशर शून्य असतं, म्हणून बायपास बटण हवं.

ट्रॅक वेगळा, घाट वेगळा

ट्रॅकवर इंजिन आपोआप बंद होणं ठीक. ताम्हिणीच्या चढाला, मागे एसटी असताना, तेच जिवावर बेतेल. म्हणून रस्त्यावर चालवताना ऑटो-कट बंद ठेवा. मोठा दिवा आणि कर्कश बझर पुरे. तो वाजला की गॅस सोडा, क्लच दाबा, गाडी कडेला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. गाडी चालू असताना किल्ली स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवू नका. इंजिन पुन्हा बांधता येतं, माणूस नाही.