अठरा तासांची खरखर

आकाशातले पाहुणे : लेखांक ५

मागच्या लेखांकातला ‘सोलारिस’चा समुद्र माणसांशी बोलायलाच तयार नव्हता, आणि तारकोव्हस्कीचा सगळा सिनेमा त्या अबोल्यावर उभा होता. रॉबर्ट झेमेकिसच्या ‘काँटॅक्ट’मध्ये (१९९७) परग्रहवासी बोलतात, तेही स्वच्छ, हिशेबशीर. इथे पंचाईत निराळी आहे. बोलणं झालं, हे बाकीच्यांना पटवायचं कसं?

कथा कार्ल सेगन यांची. ती त्यांनी आणि अ‍ॅन ड्रुयान यांनी १९८०च्या सुमारास सिनेमासाठीच लिहायला घेतली होती. सिनेमा रखडला, म्हणून सेगन यांनी तिची कादंबरी केली. ती १९८५ मध्ये आली. पडद्यावर यायला आणखी बारा वर्षं लागली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सेगन गेले. नायिका एली अ‍ॅरोवे (जोडी फॉस्टर) बऱ्याच अंशी जिल टार्टर या खगोलशास्त्रज्ञ बाईंवर बेतलेली आहे. परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेण्यात टार्टर यांनी आयुष्य घालवलं. एलीचे पैसे मध्येच बंद होतात, तेही कल्पित नाही. ‘नासा’चा असा कार्यक्रम अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये खरोखरच गुंडाळायला लावला होता.

एली न्यू मेक्सिकोच्या माळावर तबकड्यांच्या रांगेसमोर बसून कानाला हेडफोन लावून आकाश ऐकते. दृश्य सुंदर आहे, पण असं कोणी ऐकत नाही. लाखो वारंवारता एकाच वेळी चाळायच्या असतात, ते काम संगणकाचं. तबकड्या मात्र खऱ्या आहेत : इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या २७, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या. नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. आपल्याकडे तबकड्या ३० आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर.

मग एके दिवशी संदेश येतो, अभिजित ताऱ्याकडून. पाश्चात्त्य त्याला वेगा म्हणतात. सिनेमा त्याचं अंतर २६ प्रकाशवर्षं धरतो. संदेशात ठोके आहेत : दोन, तीन, पाच, सात, अकरा... एकशे एकपर्यंत सगळ्या मूळ संख्या. मूळ संख्याच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नुसत्या नियमितपणाने काही सिद्ध होत नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जॉसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे रेडिओ ठोके सापडले, तेव्हा त्या स्रोताला थट्टेने ‘छोटे हिरवे लोक’ असं नाव पडलं. निघाला तो स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे पल्सार. ठरावीक ताल धरणं निसर्गाला सहज जमतं. एकशे एकपर्यंतच्या मूळ संख्या ओळीने मोजणारी नैसर्गिक घटना मात्र आपल्याला माहीत नाही.

वारंवारतेतही तोच विचार आहे. हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्‌झला रेडिओलहरी सोडतो, आणि विश्वात सर्वांत मुबलक तोच. म्हणून कोणीही शहाणा प्राणी त्या आकड्याच्या आसपास भेटेल, असं कोक्कोनी आणि मॉरिसन यांनी १९५९ मध्येच सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या दुर्बिणीने दोन ताऱ्यांवर तसा शोध घेतलाही. सिनेमातला संदेश येतो ४.४६२३ गिगाहर्ट्‌झला. हायड्रोजनचा आकडा गुणिले पाय (π)! निसर्ग हायड्रोजनची वारंवारता देईल. तिला पायने गुणायचं कोणाच्या तरी डोक्यात यावं लागतं.

संदेशाच्या आत आणखी एक थर सापडतो : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बोलणारा हिटलर. आपलंच दूरचित्रवाणी प्रक्षेपण परत आलेलं. सव्वीस वर्षं जायला, सव्वीस यायला. म्हणजे १९८८ पासून पुढे केव्हाही ते ऐकू येऊ शकलं असतं. हिशेब जमतो. जमत नाही ते दुसरंच. एली खात्री करून घ्यायला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची मदत मागते. अभिजित तिथून क्षितिजाच्या वर जेमतेम अठरा अंश येतो, आणि ती दुर्बीण तीस अंशांखाली वाकतच नाही. असो. दुसऱ्या दुर्बिणीने दुजोरा दिल्याशिवाय जगाला काही सांगायचं नाही, ही शिस्त सिनेमाने पाळली, हे जास्त मोलाचं.

संदेशातच एक यान बांधायचा आराखडा निघतो आणि एली त्यातून प्रवासाला जाते. त्या प्रवासाची गोष्ट तर सिनेमाइतकीच रंजक आहे. कादंबरीच्या कच्च्या खर्ड्यात सेगन यांनी तिला कृष्णविवरातून पाठवलं होतं. त्यांनी तो खर्डा किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला दाखवला. कृष्णविवरातून कोणी जिवंत बाहेर पडत नाही, तेव्हा कृमिविवर (वर्महोल), म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा, वापरा, असं थॉर्न यांनी सुचवलं. पण सुचवल्यावर ते स्वतःच त्या प्रश्नात अडकले. माणूस पार जाऊ शकेल असं कृमिविवर उघडं ठेवायला काय लागेल? १९८८ मध्ये त्यांनी आणि मायकेल मॉरिस यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला; उत्तर होतं ऋण ऊर्जा असलेलं काहीतरी विचित्र द्रव्य. त्या विषयावर आजही संशोधन चालू आहे आणि त्याचं मूळ एका कादंबरीच्या दुरुस्तीत आहे. विज्ञानकथा विज्ञानाकडून घेते हे नेहमीचंच. इथे तिने परतफेड केली.

कादंबरीत प्रवासाला पाच जण जातात, त्यांत देवी सुखावती ही भारतीय शास्त्रज्ञही आहे. सिनेमात एकटी एली. आपली बाई गळली याचं वाईट वाटतं, तरी बदल अचूक आहे. एली सांगते, मी अठरा तास तिकडे होते. बाहेरच्यांना दिसतं की यान क्षणार्धात सरळ खाली पडलं, आणि चित्रफितीवर नुसती खरखर आहे. साक्षीदार एक, पुरावा शून्य. सिनेमाभर श्रद्धावंतांकडे पुरावा मागणारी ही बाई चौकशी समितीसमोर म्हणते की माझ्याकडे पुरावा नाही, तुमच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता, आणि तरीही जे घडलं ते मी नाकारू शकत नाही. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्या सिनेमाने आपल्याच नायिकेला असं पेचात धरावं, यात मोठं धैर्य आहे.

ते धैर्य शेवटपर्यंत टिकत नाही. अखेरीस दोन अधिकारी बंद दाराआड बोलताना कळतं, की त्या फितीवर खरखर आहे खरी, पण ती अठरा तासांची आहे. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो आणि एलीचा सगळा पेच आपल्यापुरता संपतो. तिला जी परीक्षा द्यावी लागली, तिचं उत्तर आपल्याला गुपचूप पुरवलं जातं. सेगन यांच्या कादंबरीतही शेवटी पुरावा मिळतो; पायच्या अंकांमध्ये, दहाऐवजी अकरा हा आधार धरून मांडणी करून खूप खोलवर शोधल्यावर. पण तो एलीचा संगणक शोधतो, आणि कोणालाही पुन्हा तपासून पाहता येतो. माझ्या मते कादंबरीचा शेवट सरस, आणि सिनेमा त्या एका संवादाआधी संपला असता तर दोन्हींत सिनेमाच उजवा ठरला असता.

पुढच्या लेखांकात डेनी व्हिलनव्हचा ‘अरायव्हल’. पाहिला नसेल तर आठवडाभरात पाहून घ्या. त्याचा शेवट फोडल्याशिवाय मला त्याच्याविषयी लिहिता येणार नाही.