पिस्तूल बदलायचं? आधी हिशोब मांडा



समजा, नशिराबादहून जळगावच्या बाजारात रोकड नेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे परवान्याचं, स्वस्तातलं .३२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. ते मधेच अडकतं, म्हणून त्याच किमतीचं दुसरं घ्यायचा त्याचा विचार आहे. थांबा, तीन गोष्टी बघा.

१. दुरुस्ती: अडकण्याचं कारण बऱ्याचदा मॅगझिन, स्प्रिंग किंवा साठलेली घाण असते. आधी परवानाधारक डीलरला दाखवा.

२. फायदा: ९ एमएम सर्वसामान्यांसाठी प्रतिबंधित बोअर आहे. म्हणजे नवीनही .३२च घेणार. ताकद तीच, मग जास्तीचं काय मिळतं?

३. फरकाची रक्कम: जुनं फक्त परवानाधारकालाच विकता येतं. गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे भाव पडतो. थेट दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचं तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. परस्पर अदलाबदल केली तर गुन्हा!

दुरुस्तीनंतरही भरवसा वाटत नसेल, तरच बदला. आणि खरा प्रश्न विचारा: एवढी रोकड घेऊन फिरायचंच कशाला? यूपीआय, आरटीजीएसने जोखीम मुळातच कमी होते.